चौकटची सत्ती

युसूफ वडगावच्या बाजारतळाला लागून जी चिंच आहे, तिच्याखाली दुपारचे पत्ते खेळायला बसायचं तर आधी आश्रुबांपुढे हात वर करून उभं राहावं लागे. आश्रुबा बाह्या झटकत, टोपी उलटी करून पाहत, तंबाखूची चंची उघडायला लावत आणि मगच माणसाला पोत्यावर टेकू देत. डाव तीन पानीचा, पण पैशाचा नव्हे. चिंचोक्यांचा. आश्रुबांचं म्हणणं असं, की पैशासाठी कुणीही फसवील. चिंचोक्यासाठी जो फसवतो तो खरा कलावंत, त्याच्यावर नजर ठेवली पाहिजे.

नजर त्यांना एस.टी.नं दिली होती. बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेली. नऊ वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन ‘पाचवं सरायचंय’ म्हणणाऱ्या आया त्यांनी पाहिल्या होत्या आणि तिकीट मागितलं की घोरू लागणारे पाहुणेही. “खरा झोपलेला माणूस खड्ड्याला जागा होतो,” ते सांगत. “सोंगाडा खड्ड्यातबी घोरतो.”

निवृत्तीला सोबत आलेल्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत आता पत्त्यांचा जोड राहत असे. पत्ते इतके जुने, की हाताळून हाताळून धोतराच्या कापडासारखे मऊ झालेले. डावाआधी ते बावन्न भरतात का पाहायचं. एकेक पान उन्हाकडे तिरकं धरून पाठीवर कुणी नखाचा ओरखडा मारून ठेवलाय का बघायचं. एकानं पिसायचे, दुसऱ्यानं काटायचे. वाटताना गड्डी पोत्याला टेकलेली पाहिजे, म्हणजे खालचं पान वर निघत नाही. आणि चुन्याची डबी पालथी ठेवायची, कारण घासलेल्या झाकणात वाटणाऱ्याला सगळ्यांची पानं दिसतात. हा शेवटचा नियम सटवामुळे झाला होता. खरं तर सगळेच नियम सटवामुळे झाले होते.

सटवा गावचा शिंपी, आश्रुबांचा लहानपणापासूनचा जोडीदार. खोटं खेळल्याशिवाय त्याला भाकर पचत नसे. शेजारच्या आळीतल्या चिंचोक्यांनी खिसे भरून यायचा, म्हणून आश्रुबांनी डावातले चिंचोके एका बाजूनं दगडावर घासून पांढरे केले. तर आठवड्यानं सटवा घरून घासून आणू लागला. पत्ते लपवायला तो अंगावरच्या कपड्यांत चोरखिसे शिवी. कधी बाहीच्या दुमडीत, कधी टोपीच्या अस्तरात. एकदा तर पायजम्याच्या गुडघ्यावर गरिबाचं ठिगळ लावून आला, आणि ठिगळाखालून बदामचा बादशा निघाला. पकडला गेला की त्याला कोण आनंद!

“कसं वळखलं बे?”

“तुला ठिगळ? ज्याच्या दुकानात गावाची चिंधी पडलीय, त्यानं कावून ठिगळ लावावं?”

“हे बराबर हाय,” सटवा मान डोलवायचा आणि घरी जाऊन नवा खिसा शिवायला बसायचा. एकानं शिवायचं, दुसऱ्यानं हुडकायचं. तीस वर्षं दोघांचा हाच संसार, आधी आश्रुबांच्या सुट्टीच्या दिवशी, निवृत्तीनंतर रोज. तिसरा गडी रामकिसन हा शेतकरी माणूस. हातात जोडी आली की त्याचे कान हलत, त्यामुळे त्याची झडती नुसती रीत म्हणून व्हायची.

मग सटवाची बायको गेली आणि पोरगा त्याला चिंचवडला न्यायला आला. टेम्पोत शिलाईचं मशीन चढलं. सटवानं जाताना आश्रुबांसाठी एक बंडी आणली होती, पांढरी, दुहेरी कापडाची. माप घेतलं नव्हतं, तरी अंगाला अशी बसली की जणू त्यांच्यासोबतच वाढली असावी. आश्रुबांनी ती लगेच अंगात घातली आणि म्हणाले, “टेम्पो भरूस्तोर बसू एक डाव.”

झडती झाली. सटवा नेहमीसारखा त्यांच्या डाव्या हाताला बसला. चार-सहा डाव झाले आणि आश्रुबांना इस्पिकचा कलर लागला. रामकिसननं पानं टाकली. दोघांत चिंचोक्यांची रास पडली. सटवानं शो मागितला आणि तीन पानं उलटी केली. एक्का, एक्का, एक्का!

“रडू नको बे, आश्रुबा!” त्यानं हसत हसत आश्रुबांच्या पाठीवर थाप मारली.

आश्रुबांनी पत्ते मोजले. एक्कावन्न. चौकटची सत्ती गायब. म्हणजे एक्का आधीच्या डावात उचलून ठेवला आणि त्याच्या बदल्यात सत्ती दडवली, एवढं कंडक्टरला कळलं. पण दडवली कुठं? त्यांनी सटवाला चिंचेआड नेऊन नुसत्या चड्डीवर उभं केलं. टोपी उसवली. पोतं झटकलं. वर चिंचेकडेही एकदा पाहिलं. तोवर टेम्पोचा हॉर्न वाजला. सटवा सदऱ्याची बटणं लावत पुढं चढला आणि डोकं बाहेर काढून ओरडला, “सत्ती सापडली की फोन कर!”

या गोष्टीला दीड वर्ष झालं. दर बाजाराच्या दिवशी सटवाचा फोन येई.

“सापडली का?”

“तू खाल्लीस बे ती!”

“तिथंच हाय. नीट हुडक.”

“सांग की मग.”

“फोनवर सांगायची गोष्ट न्हाई ती. गावाकडं आलो की दाखवतो.”

चिंचेखाली डाव अजून पडे. रामकिसन, आश्रुबा आणि येईल तो. पण कुणी फसवतच नव्हतं. आश्रुबा बाह्या झटकत आणि बाह्यांतून नुसती धूळ निघे. सगळं इतकं सरळ चाललेलं, की दोन डावांत त्यांना जांभया येत. रामकिसनचा पुतण्या विलास म्हणाला, “काका, मोबाईलवर खेळा की. तिथं दिवसभर गडी मिळतेत.” आश्रुबांनी मोबाईल उलटसुलट करून पाहिला. “ह्याला बाह्या कुठंयत?” म्हणाले आणि परत दिला.

बंडी त्यांनी त्याच दिवशी ट्रंकेत टाकली होती. ‘सत्ती खाणाऱ्याचं कापड अंगाला लावणार न्हाई,’ असं भामाबाईंना, म्हणजे बायकोला, बजावलंही होतं. पण पांघरुणं काढायला ट्रंक उघडली, की ते बंडी नाकाशी धरीत. तिला मशीनच्या तेलाचा वास होता.

यंदा सटवाच्या पुतणीच्या मुलीचं, वैष्णवीचं लग्न गावातच निघालं. सटवा येणार! आश्रुबांनी नवे चिंचोके भाजले, फोडले, एका बाजूनं घासले. पत्र्याची पेटी पुसली. लग्नाच्या सकाळी दाढी करून त्यांनी ट्रंकेतली बंडी काढून अंगात घातली आणि फाट्यावर जायला चपला शोधत होते, तेवढ्यात फोन आला.

“आश्रुबा, येणं होईना बे,” सटवाचा आवाज पोत्याखालून आल्यासारखा बारीक. “गुडघा चिरलाय. डॉक्टर म्हणतो, गाडीत बसायचं न्हाई. पोरगंबी न्हाई म्हणतंय.”

“बरं,” आश्रुबा म्हणाले. “जप.” सत्तीची गोष्टसुद्धा दोघांनी काढली नाही.

ते खाटेवर बसले आणि बंडी काढू लागले. डावा हात ओढताना बोट काखेमागच्या शिवणीत अडकलं. शिवण उसवलेली वाटली, पण तिला काठ होता, बारीक हातशिलाईचा. बोट आत गेलं. दुहेरी कापडाच्या मधोमध काहीतरी मऊ लागलं.

चौकटची सत्ती.

त्यांना पाठीवरची थाप आठवली. एस.टी.त प्रवाशांची तिकिटं कंडक्टर बघतो, पण वाटेत चेकर चढला की कंडक्टरचीही पिशवी तपासतो. चिंचेखाली तीस वर्षं त्यांनी अख्ख्या गावाची झडती घेतली. त्यांची कुणी घेतली नव्हती. आणि हे गावात एकाच्याच लक्षात आलं होतं. आश्रुबा एकटेच हसू लागले, इतके, की डोळ्यांना बंडीच लावावी लागली.

त्यांनी घाईनं फोन लावला.

“काय बे?” पलीकडून सटवा म्हणाला. मग मघापेक्षा ताठ आवाजात, “सापडली का?”

आश्रुबांनी हातातल्या सत्तीकडे पाहिलं. ‘सापडली’ म्हटलं की डाव संपला. मग पुढच्या बाजारी विचारायचं काय, आणि त्यानं यायचं कशासाठी?

“न्हाई बे,” आश्रुबा म्हणाले. “ट्रंकासुदिक पालथ्या घातल्या. माझी अक्कल सरली.”

“हॅ! कंडक्टर म्हनं!” सटवा खुलला. “लई सोपं हाय. पर आता मलाच यावं लागतंय. गुडघा धरला की आलोच.”

“ये. मी वाट बघतो.”

फोन ठेवून त्यांनी सत्ती होती तशी आत सरकवली, शिवण बोटानं सारखी केली आणि बंडी ट्रंकेत न ठेवता समोरच्या खुंटीला लावली. तेवढ्यात भामाबाई धुणं गोळा करत आल्या आणि त्यांनी बंडीला हात घातला.

“तिला पाणी लावू नको गं.”

“आवं, दीड वर्साची मळकी हाय.”

“ऱ्हाऊ दे. सटवा आला की तिची झडती व्हायचीय.”

“सटवाच्या बंडीची?”

“न्हाई,” आश्रुबा म्हणाले, “माझी.”