डब्यात भाजी कुठली?

गाड्यांची सुरक्षा तपासते म्हटलं की लोक मला ब्रेक दाखवायला नेतात. मी बघते ते वेगळंच: लांब कुठेतरी बसलेला चोर संगणकातून किंवा फोनवरून यांची गाडी पळवू शकेल का. माजिवड्याच्या त्या मालकांचे वीस टेम्पो औषधं पोचवायचे. औषध कंपनीने बजावलं होतं, तपासणीत पास झालात तर काम तुमचं, नाहीतर दुसरा बघू. मालक कडक इस्त्रीत, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला बसावं तसे बसले होते.

संगणकाचा पासवर्ड निघाला गावदेवीचं नाव. तेच नाव प्रत्येक टेम्पोच्या काचेवर हातभर अक्षरांत रंगवलेलं. माझं डोकंच फिरलं.

"दादा, कुलूप लावून किल्ली दारालाच टांगलीत की."

"देवीचा नाव हाय मॅडम, त्याला कोन हात लावनार?"

"मीच लावते," म्हटलं, आणि कल्याणला निघालेल्या एका टेम्पोचा पत्ता त्याच पासवर्डने बदलून भिवंडीचा टाकला. वर अनोळखी नंबरवरून ड्रायव्हरला फोन केला. "कंपनीतून बोलतेय. माल भिवंडीला उतरवा." मालकांचा चेहरा पडला.

"उतरवतो मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. "फक्त आज डब्यात भाजी कुठली, तेवढं सांगा."

"बटाट्याची," मी ठोकून दिलं. फोन कट. मिनिटभरात मागच्या स्वयंपाकघरात वहिनींचा, म्हणजे मालकांच्या बायकोचा, फोन वाजला. "मी काय नाय सांगितला. तू कल्याणलाच जा," म्हणून त्या पुन्हा भाकऱ्यांकडे वळल्या.

पूर्वी एकदा खोट्या फोनने एक टेम्पो भलतीकडे गेला होता. तेव्हापासून सगळ्या ड्रायव्हरांचे डबे वहिनीच भरतात आणि भाजी कोणाला सांगत नाहीत. वाटेत पत्ता बदलला की ड्रायव्हरने आधी भाजी विचारायची, मग समोर खुद्द मालक का असेनात. मी पोट धरून हसले. कितीतरी महागड्या यंत्रणा तपासल्या होत्या, पण इतका आनंद एकीनेही दिला नव्हता.

देवीची माफी मागून मालकांनी पासवर्ड बदलला. मी पासचा शेरा मारला. तपासणीच्या अर्जात सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलेलं, ते मी खोडायला लावलं. वहिनींनी पदराला हात पुसून सावकाश सही केली. धंद्याच्या कागदावरची त्यांची ती पहिलीच सही.

"म्हंजे आता गाड्या हिला विचारून सोडायच्या?" मालक म्हणाले.

"मग इतकी वर्षं काय करत होतात?" मी विचारलं.