तीन चाळीसचा टोला

शाळेची घंटा मी देते. एकवीस वर्षं झाली. पोरं मला घंटामावशी म्हणतात आणि माझ्या तोंडाला घाबरतात, ते बरंच आहे. पण आज सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, आमच्या ह्यांच्याबद्दल. माझं तोंड मधूनमधून चालेल, त्याला इलाज नाही.

आमचे हे पेंटर. भिंतीला चुना फासणारे नव्हेत, अक्षरं काढणारे. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, ट्रकच्या मागची अक्षरं. एके काळी बाजारातून चालत गेलं की दर तिसऱ्या दुकानावर माझ्या नवऱ्याचा हात दिसायचा. बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात खाली, तांदळाच्या दाण्याएवढी सही. मी मुद्दाम थांबून थांबून बघायची. हे म्हणायचे, "चल गं, लोक बघतायत." मी म्हणायची, "बघू देत की!"

मग फ्लेक्स आले. सकाळी सांगा, दुपारी घेऊन जा. दोन वर्षांत एकेक बोर्ड उतरला. ह्यांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. एका गोदामाच्या फाटकावर नोकरी धरली. आलेल्या ट्रकचा नंबर, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि ड्रायव्हरची सही, एवढं वहीत लिहायचं. ती वही एकदा बघाच तुम्ही! एकेक नंबर असा काढलाय की ट्रकवाल्यालाच लाज वाटावी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते खोटं नाही. पण घरात एक शब्द नाही. सहा वर्षं हा माणूस जेवायचा, झोपायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा. मी बडबडत होते म्हणून घरात माणसं राहतात हे शेजाऱ्यांना कळत होतं.

तर त्या वर्षी आमच्या शाळेत विज्ञानाची खोली नवी झाली. एका बाजूची लांबलचक भिंत मोकळी ठेवली होती, सूर्यमालेसाठी. संस्थेचे चिटणीस म्हणाले, फ्लेक्स मागवतो, मंजुरी होऊन महिन्याभरात येईल. मोठ्या बाईंचं तोंड उतरलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, विज्ञानही त्याच शिकवतात. जुन्या वर्गात असाच छापील तक्ता होता आणि पोरं त्याच्याकडे पाठ करून डबे खायची. बाईंनी मला हळूच विचारलं, "मावशी, तुमचे पेंटर काही करतील का हो?"

मी घरी विषय काढला. "माझा हात गेला आता," एवढं बोलून ह्यांनी कूस बदलली.

हात गेला म्हणे! मी दुसऱ्या दिवशी डबा मुद्दाम घरी विसरले आणि ह्यांना शाळेत बोलावून घेतलं. खोटेपणा केला, केला तर केला. अंगणात बाई उभ्याच होत्या. त्याही वस्ताद, चित्राचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणाल्या, "पेंटर, तुमच्या पाठीवर हे ऊन पडलंय ना, ते सूर्यावरून आठ मिनिटांपूर्वी निघालंय."

ह्यांनी वळून स्वतःच्याच पाठीकडे बघायचा प्रयत्न केला. "म्हणजे निघाल्याची वेळ वेगळी आणि पोचल्याची वेळ वेगळी?"

"अगदी तसंच."

"आणि बाकीच्या ग्रहांवर?"

बाई सांगत गेल्या. बुधाला तीन मिनिटं, शुक्राला सहा, मंगळाला तेरा, गुरूला त्रेचाळीस. शेवटच्या नेपच्यूनला चार तास दहा मिनिटं. ह्यांनी खिशातलं पेन काढून सगळं तळहातावर लिहून घेतलं. त्या संध्याकाळी घरी आले, शिडी लावली आणि सरळ माळ्यावर चढले. मी खालून ओरडत होते, "अहो, पडाल! हातपाय मोडून घ्यायचेत का ह्या वयात?" ओरडत होते आणि पदराने डोळे पुसत होते. फडक्याची ती गुंडाळी खाली येताना बघून मला काय वाटलं ते मलाच माहीत.

मग काय, घराचा कारखाना झाला. ह्यांनी डब्यांची झाकणं जमवली. व्हार्निशच्या डबीचं इवलंसं झाकण म्हणजे बुध, रंगाच्या डब्याचं म्हणजे पृथ्वी, तेलाच्या पिंपाचं म्हणजे गुरू. पाण्याच्या टाकीचं मोठ्ठं झाकण पिवळंधमक रंगवलं, तो सूर्य. शनीला पत्र्याचं कडं बसवलं. आणि ह्या सगळ्यांच्या मधून ताणलेल्या तारेवर सरकणारा एक पत्र्याचा टपालवाला. खांद्याला पिशवी, टोपी तिरकी, नाक थेट माझ्या भावाचं. मी म्हटलं, "दुसरं नाक मिळालं नाही का?" तर म्हणाले, "लांबचा पल्ला आहे, ओळखीचा माणूस बरा."

गोष्ट अशी होती. उजेड नावाचा टपालवाला सूर्याचं पत्र घेऊन निघतो आणि घरोघर देत जातो. शुक्राने ढगांची गोधडी इतकी जाड पांघरलेली की पत्र गोधडीवरच ठेवावं लागतं. मंगळाच्या दारात लाल धूळ. प्रत्येक घराची वेगळी तऱ्हा, ती झाकणांच्या मधल्या भिंतीवर रंगवलेली. आणि खरी गंमत पुढेच. गोष्ट एका तासात संपवायची नाही, उजेडाला लागतो तेवढाच वेळ घ्यायचा. साडेअकराला टपालवाला सूर्यावरून निघणार आणि तीन चाळीसला नेपच्यूनला पोचणार. तो एकेका घरी पोचला की मी घंटेचा एकच टोला द्यायचा.

चिटणिसांनी अट घातली. "आठ तारखेला दाखवा. बिनचूक असेल तर राहील. शास्त्राचं काम आहे, चूक निघाली तर झाकणं घरी न्यायची आणि फ्लेक्स लागेल." तोंडावर सांगून गेले. मला पक्कं ठाऊक होतं, ही झाकणं घरी आली की ब्रश पुन्हा माळ्यावर जाणार, आणि ह्या वेळी कायमचे. ह्यांनाही ते ठाऊक असावं. एकाही झाकणावर ह्यांनी सही केली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "आधी पास तर होऊ दे."

आठ तारीख उजाडली. खोलीत पोरं खच्चून बसलेली, मागे मोठ्या बाई, खुर्चीवर चिटणीस. "मला दहाच मिनिटं आहेत," त्यांनी बसल्याबसल्या सांगून टाकलं. सूर्य उजव्या हाताला, दाराच्या बाजूला लावला होता. साडेअकरा वाजले, हे घसा खाकरून म्हणाले, "निघाला हो!" सहा वर्षांत इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

घंटा खोलीच्या दाराबाहेरच आहे. अकरा तेहतीसला मी बुधाचा टोला दिला. लगेच दुसरीचा अख्खा वर्ग डबे घेऊन बाहेर धावला. "आत व्हा मेल्यांनो, सुट्टी नाही, बुध आलाय!" मी ओरडले. इकडे खोलीत हशा पिकला. हशा संपतोय तोच पहिल्या रांगेतली एक चष्मेवाली पोर उभी राहिली.

"काका, टपालवाला उजवीकडून आला ना?"

"हो बाळा."

"मग बुधाची उजवी बाजू काळी आणि डावी उजळलेली कशी? पत्र मागच्या दारी कसं पोचलं?"

ह्यांनी बुधाकडे बघितलं. मग शुक्राकडे, पृथ्वीकडे, पार नेपच्यूनपर्यंत. मला क्षणात कळलं काय झालंय ते. पाटीवाला अक्षराला शेड देतो तेव्हा उजेड कायम डावीकडून धरतो. उस्तादाने शिकवलेला पहिला धडा. चाळीस वर्षं हात तसाच चाललेला. सूर्य उजवीकडे टांगायचा हे ठरलेलं असूनही हाताने सगळे ग्रह डावीकडून उजळून ठेवले होते. जित्याची खोड! आणि मीही रोज चहा घेऊन शेजारी उभी राहायची, मला तरी कुठे दिसलं?

चिटणीस हसले. "म्हणूनच म्हणतो, छापील बरं."

ह्यांच्या हातातली, टपालवाला सरकवायची काठी खाली गेली. मला वाटलं, जावं आणि त्या चिटणिसांना चार शब्द सुनवावेत. पण घड्याळात अकरा छत्तीस झाले होते, आणि उजेड काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. मी शुक्राचा टोला दिला. इतका जोरात दिला की माझेच कान बधिर झाले. त्या आवाजाने हे दचकले आणि माझ्याकडे बघितलं. मी दारातूनच म्हटलं, "अहो, पृथ्वीला दोन मिनिटं राहिलीत. बघताय काय?"

ह्यांनी काठी ठेवली. बाईंकडे वळून विचारलं, "बाई, तिकडे वर-खाली असं काही असतं का हो?"

"कुठे, अंतराळात? छे. वर-खाली आपल्याला इथे, जमिनीवर."

"मग झालं तर!"

प्रत्येक झाकण मधोमध एकाच स्क्रूवर बसवलं होतं. ह्यांनी इवल्याशा बुधाला चिमटीत धरलं आणि अर्धा फेरा फिरवलं. उजळलेली बाजू उजवीकडे, सूर्यासमोर आली. मग शुक्र. मग पृथ्वी. नावं खाली भिंतीवर लिहिलेली, ती सरळच राहिली. पृथ्वी फिरली आणि ठोक्याला अकरा अडतीस झाले. टोला मी दिला, पण हात माझा राहिलाच नव्हता, आनंदाने नुसता उडत होता. पोरं टाळ्या पिटायला लागली. मंगळ, गुरू, एकेक फिरत गेले, गुरूचा लाल डाग खाली होता तो वर आला.

"अहो, पण पृथ्वी उलटी झाली!" चिटणीस खुर्चीतून उठले. "देश सगळे डोक्यावर उभे!"

चष्मेवाली पुन्हा उभी, ह्या वेळी चिटणिसांकडे वळून. "काका, उलटी कुणाच्या बाजूने?"

बाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, "साहेब, पृथ्वीच्या दक्षिणेकडच्या लोकांना चंद्र आपल्यापेक्षा उलटाच दिसतो. चुकीचे तेही नाहीत आणि आपणही नाही. आता ह्या भिंतीवर चूक उरलेली नाही." चिटणीस मनगटावरचं घड्याळ बघत "संध्याकाळी काय ते सांगतो" म्हणाले आणि निघून गेले.

म्हणजे निकाल लटकलेलाच. पण गोष्ट चालू होती. बारा तेराला गुरू. पोरं दहापासून उलटे आकडे मोजत होती. एकला अकरा मिनिटं कमी असताना शनी. त्यानंतर जे मोठं रान लागलं ते लागलंच. गणिताचा तास झाला, भाषेचा झाला, टपालवाला आपला चालतोच आहे. हे दर थोड्या वेळाने त्याला बोटभर पुढे सरकवायचे. मधल्या सुट्टीत पोरं खिडकीला लटकून विचारायची, "काका, आता कुठे?" हे म्हणायचे, "अजून रानातच." दोन दहाला युरेनस झाला तेव्हा दुसरीची पोरंसुद्धा दारात उभी होती, आणि ह्या वेळी एकाच्याही हातात डबा नव्हता. ह्यांनी दिवसभर घास खाल्ला नव्हता. मी भाकरी पुढे केली तर म्हणाले, "आधी त्याला पोचू दे."

साडेतीनला सगळी शाळा त्या खोलीत आणि खोलीबाहेर. तीन अडतीसला गर्दीत कुणीतरी कोपराने वाट काढत आत आलं. बघते तर चिटणीस! घामाघूम झालेले. "झाला का? पोचला का?" दहा मिनिटंवाले साहेब! मी म्हटलं, "अजून दोन मिनिटं आहेत, उभे राहा गप."

माझा हातोडा तयार होता. पण तीन एकोणचाळीसला मी तो ह्यांच्या हातात दिला. "हा टोला तुमचा," म्हटलं. हे नको नको म्हणत असताना पोरांनी मोजायला सुरुवात केली. पाच, चार, तीन, दोन, एक! आणि ह्यांनी असा टोला हाणला की समोरच्या रस्त्यावरची माणसं थांबली. पोरं नाचत होती, किंचाळत होती. चिटणीस दोन्ही हात वर करून "पोचला! पोचला रे!" म्हणत होते, आणि मग सगळे बघतायत हे लक्षात आल्यावर हात खाली घेतले.

"राहू दे ही भिंत," ते ह्यांना म्हणाले. "पुढच्या खोलीत चंद्राचं काहीतरी करा. पण तो फ्लेक्स येऊन पडलाय, त्याचं काय करू?"

"द्या इकडे," हे म्हणाले. "चंद्र रंगवताना जमिनीवर अंथरायला लागेलच."

मी इतकी हसले, इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. सहा वर्षांचं हसू होतं ते.

शाळा सुटली. मी खोलीला कुलूप लावायला गेले तर हे भिंतीपाशी उकिडवे बसलेले. हातात सगळ्यात बारीक ब्रश. नेपच्यूनच्या पलीकडे, भिंतीच्या तळाशी, तांदळाच्या दाण्याएवढी सही करत होते. मी काही बोलले नाही, आणि मी बोलले नाही म्हणून ह्यांनी वळून बघितलं.

"एवढ्या लांबून आला बिचारा," हे म्हणाले. "कुणीतरी सही करून घ्यायला नको?"