बिनशिट्टीची मॅकरोनी

आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी अडकवून ठेवलंय. आधी वजन उतरवा, मग बघू, म्हणाले. तेव्हापासून घरात तूप आणि चीजवर पहारा आहे. पण माणूस जन्मभर पोलोग्राउंड भागातल्या कारखान्यात राबलेला, टिफिन चाटूनपुसून खाणारा. उकडलेली भाजी पुढे आली की ताटाकडे असं बघतात, जणू त्या ताटानेच पेन्शन अडवलीय.

सून शहराबाहेर, राऊ गावच्या कॉलेजात शिकवते. तिनं विजेवर चालणारं एक जडशीळ भांडं आणलं. त्यात सगळं अगदी सावकाश शिजतं. त्या सकाळी तिनं मॅकरोनी, बिनसायीचं दूध आणि वाफवून वाटलेला दुधी त्यात घातला. दुधीनं दाटपणा येतो, मग चीज थोडंच पुरतं, तेही शेवटी घालायचं. ह्यांना दुधीचं नावही नको असतं, म्हणून ते आम्ही दोघींतच ठेवलं.

"आई, झाकण मात्र उघडू देऊ नका हं," एवढं सांगून ती गेली.

आमच्याकडे स्वयंपाक शिट्टीवर ओळखतात. हे भांडं आपलं गप्प. आणि गप्प भांड्यावर ह्यांचा भरवसा नाही.

"अगं, हे चालू आहे की झोपलंय?" म्हणत ह्यांनी झाकण उचललं. सगळी वाफ बाहेर. थोड्या वेळानं परत आले. "बस, एक बार देख लेता हूँ." मग चमचा घेऊन आले. जेवायची वेळ टळली तरी मॅकरोनी कडकच.

"क्या बात है! उपाशी ठेवूनच वजन उतरवायचं ठरलंय का तुम्हा दोघींचं?"

मी फार बोलत नाही. पाहुणे आले की चहा ठेवायला आत जाते आणि ते उठेपर्यंत माझा चहा उकळतच असतो. पण त्या दिवशी मीच स्टूल ओढून भांड्याशेजारी बसले आणि म्हणाले, "अहो, आता हात लावलात तर जन्मभर काठी घेऊन फिराल."

माझं मलाच नवल वाटलं. ते मुकाट्यानं बाहेर जाऊन पेपर घेऊन बसले.

शेवटी शिजली. चीज घालून वाटी पुढे ठेवली. पहिला घास घेऊन हे म्हणाले, "अरे, चीज तर भरपूर टाकलंय!" मी पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं.

वाटी रिकामी झाली. ह्यांनी डाव भरून घेतला, वाटीपर्यंत आणला आणि तिथेच थांबले. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. डाव परत भांड्यात गेल्याचा आवाज आला.

"बघत होतीस ना?"

"नाही हो."

"मग आधी सांगायचं ना, यार!"

कुरकुरत, गुडघा धरून उठले. पण डावाला काही पुन्हा हात लावला नाही.