मुखरूभाऊंचे पाहुणे

मुखरूभाऊ आत्राम यांना ओळखत नाही असा एकही विभाग आमच्या विद्यापीठात नसेल, आणि त्यांचं नाव छापलेला एकही अहवाल सापडायचा नाही. धानोऱ्याकडच्या त्यांच्या गावात पंधरा वर्षं कुणी ना कुणी जातंच. कुणाला झाडं मोजायची असतात, कुणाला गाणी हवी असतात, कुणाला बायांचं रक्त तपासायचं असतं. प्रत्येकाला घरोघर फिरवायचं, गोंडीतलं मराठीत सांगायचं, हे काम भाऊंचं. वनस्पतिशास्त्र शिकवणारी मीही त्यातलीच.

भाऊ आता साठीला आले, गुडघे कुरकुरतात. मागच्या खेपेला म्हणाले, "बाई, गेल्या साली बी हेच विचारलं होतं ना जी? त्या कागदाचं काय झालं?" मी म्हटलं, काम चालू आहे. ते हसले. असलं हसू मला शिवीपेक्षा जास्त लागतं.

त्या गावची रीत अशी, की पाहुणा आणणाराच पाहुण्याचा जामीन. पाहुणा चुकला तर सभा त्याला काही म्हणत नाही, आणणाऱ्याला धरते.

एप्रिलात मी बारा विद्यार्थी घेऊन गेले. आठवडाभर आधी भाऊंनी फोनवर बजावलं होतं, "मरका पंडुम व्हायचा हाय. तवरी आंब्याले हात लावू नका म्हणा पोरायले." हा नव्या आंब्याचा सण. देवाला आंबा चढल्याशिवाय गावात कुणी कैरीही तोडत नाही. मी हो म्हटलं आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात विसरून गेले. पोरांनी दुपारी झाड पाहिलं, कैऱ्या पाडल्या, मीठ लावून खाल्ल्या. झाडांबरोबर गावाच्या रीतीभातीही टिपायला आलेली पोरं ही.

सभेत भाऊ म्हणाले, "मीच सांगाले विसरलो." एक साल गोटुलात, म्हणजे गावच्या सभेच्या जागी, बोलायचं नाही, अशी त्यांना शिक्षा झाली. हे सगळं मला नंतर त्यांच्या बायकोने, सुकरीबाईंनी सांगितलं. मी शिक्का मारलेलं माफीपत्र घेऊन गेले होते. सुकरीबाईंनी ते हातातही घेतलं नाही. "कागद कायले? पंडुमले या. सांगायचं ते तिथं सांगा."

गेले. एकटीच, कारण विभागप्रमुखांना मीटिंग होती. गोटुलाच्या अंगणात गाव गोल बसलं होतं. मी कडेला उभी राहून सांगितलं, "भाऊंनी मला बजावलं होतं. विसरले मी. त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली."

गावचे म्होरके लटारूभाऊ शांतपणे म्हणाले, "तुमी खरं बोलून राह्यल्या, याचा जामीन कोण?"

कुणी हललं नाही. इतकी वर्षं यांच्या घरी मी चहा प्यायले होते. आधी मला राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. यांच्यापैकी एकाचं तरी मूल आमच्या विद्यापीठात शिकतं का, हे मला ठाऊक नव्हतं.

भाऊंना तर बोलायची मनाई. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, म्हाताऱ्यांमधली आपली जागा सोडली आणि कडेला येऊन माझ्याशेजारी मातीत बसले.

"मुखरू," लटारूभाऊ म्हणाले, "अजून एक डाव जामीन?"

भाऊंनी मान डोलावली.