आमचं आडनाव कुठून आलं

आमचं आडनाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर इंदापूर तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल, हे लासुर्ण्याचे ते रिटायर झालेले मास्तर. बारामती आणि इंदापूर मिळून आमच्या माहितीतली घरं दोनच होती, त्यातल्या एकाला कुलूप. मोठ्या कुळीच्या लोकांना यातलं दुःख कळायचं नाही. एसटीत चढलं की निम्म्या सीटवर त्यांचीच भावकी बसलेली असते. आमचं आडनाव सांगितलं की समोरचा आधी बघत राहतो, मग विचारतो, "मूळचे कुठले तुमी?" आडनावाला जरा फारसी भाषेचा वास आहे, म्हणून काहीजण "मुसलमान का?" असंही विचारतात. वडिलांना विचारलं तर ते म्हणायचे, "आपलं मूळ लई मोठं हाय." कुठलं मूळ, केवढं मोठं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जास्त खोदून विचारलं की अंगावर यायचे.

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि रिटायर झाल्यावर हे खूळ डोक्यात घेतलं. लोक गुडघ्याला तेल लावत बसतात, मी आडनाव शोधत बसलो. मतदार याद्या चाळल्या, लग्नपत्रिका गोळा केल्या. पत्रिकेच्या तळाला निमंत्रकांची बारीक अक्षरातली जी रांग असते ना, ती वाचायला मी भिंग घेतलं. बायको म्हणायची, "याड लागलंय माणसाला." लागलंच होतं. असंच एकदा लोणी भापकरच्या एका पत्रिकेत आमचं आडनाव दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढून गेलो. सत्तरी ओलांडलेले एक तात्या ओट्यावर बसले होते. मी आडनाव सांगितलं, तर म्हातारा उठून गळ्यातच पडला. "आरं, मला वाटलं आमी संपलो!" म्हणाले आणि हमसून हमसून रडले. मीही रडलो. खोटं कशाला सांगू, एवढं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

तात्यांनीच हेळव्याचा पत्ता दिला. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी माणसं. पूर्वी सुगी झाली की बैलावर बसून यायचे, वही उघडून तुमच्या सात पिढ्या वाचून दाखवायचे, नव्या जन्मांची नोंद करायचे आणि धान्य घेऊन जायचे. आमच्याकडं आजोबांच्या काळात येणं थांबलं होतं. आता त्या जुन्या हेळव्याचा नातू मोबाईल वापरतो आणि मोटारसायकलवर फिरतो. वही मात्र तीच. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "वही हाय तुमची. सवडीनं येतो."

त्याच महिन्यात माझ्या लेकीचं जमलं. एकुलती एक लेक. बारामतीला एका डेअरीत दूध तपासायच्या विभागात आहे, तिथंच तो मुलगा कामाला. घर डाळजचं, माणसं साधी, आणि मुलगा म्हणजे, काय सांगू, माझ्याच पोटी जन्मायला हवा होता असा. दोघांनी दोन वर्षं वाट बघून मग घरी सांगितलं. देवक एक असलं तर सोयरीक होत नाही, म्हणून तेही विचारलं, वेगळं निघालं. आडनाव तर वेगळं होतंच. त्या दिवसांत पोरगी घरात गुणगुणत हिंडायची. चहा करताना गुणगुणायची, केस विंचरताना गुणगुणायची.

बोलणी चालू असताना मुलाचे वडील हसत म्हणाले, "मास्तर, आडनाव काय ऐकल्यालं न्हाय बगा कदी. कुणी विचारलं तर काय सांगायचं आमी?" माणूस सरळ होता, चेष्टेत बोलला. पण माझ्या जुन्या जखमेवर बोट पडलं. मी म्हणालो, "सुपारीच्या दिवशीच सांगतो." बायकोनं रात्रभर समजावलं की सुपारी फोडायच्या दिवशी हेळव्याला बोलवू नका, आधी एकट्यानं ऐका. मी तिलाच झापलं. म्हटलं, "चारचौघांत ऐकू दे की! कळू दे आपण कोण हाय ते!" कसली अवदसा आठवली होती देव जाणे.

सुपारीला दोन्हीकडची तीसेक माणसं जमली. तात्याही लोणीहून आले. फराळ झाला, आणि मी ऐटीत हेळव्याला पुढं बसवलं. त्यानं वही कपाळाला लावली आणि सूर धरला. आमचा मूळपुरुष कुणा सरदाराच्या पागेत होता, घोडी पाण्यावर न्यायचं काम त्याच्याकडं, त्यावरून हे आडनाव. लोकांनी माना डोलावल्या. मी मुलाच्या वडिलांकडं बघून मिशीवरून हात फिरवला, हे मला अजून लख्ख आठवतं. पुढं तीन भाऊ. विहिरीवरून भांडण. थोरला लासुर्ण्याला राहिला, मधला लोणीला गेला. "आन् धाकला," हेळवी वाचत होता, "गेला भीमाकाठी मामाकडं. मामाला मूल न्हाय. मामाचं आडनाव लागलं, मामाचंच देवक लागलं. त्येचा वंश डाळजला." आणि मग त्यानं त्या वंशातली नावं एकेक करून वाचली. शेवटून दुसरं नाव मुलाच्या आजोबांचं होतं.

हेळव्याला कुणाची सुपारी आहे हे कुठं माहीत? तो बिचारा हसतच वर बघत होता.

मुलाचा चुलता पहिल्यांदा बोलला. "म्हंजी ही भावकीच की. पोरं भाऊ-बहीण लागत्यात." सुपारी ताटात तशीच होती. मी मनात पिढ्या मोजल्या. आठ. दहावीच्या वर्गाला अनुवंशशास्त्र मीच शिकवायचो. आठ पिढ्यांनंतर रक्ताचं नातं म्हणण्यासारखं काही उरत नाही, हे मला त्या तीस माणसांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. मुलाचे वडीलही माझ्याच तोंडाकडं बघत होते. मास्तर, तुमी सांगा, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. एक वाक्य बोललो असतो तर ते माझ्या बाजूनं उभे राहिले असते, याची मला आज खात्री आहे. मी बोललो नाही. तीन वर्षं मी भावकी भावकी करत गावोगाव हिंडलो होतो, आता कुठल्या तोंडानं सांगू की ही भावकी खोटी?

आठ दिवसांनी पोरीनं विचारलं, "बाबा, आम्ही रजिस्टर लग्न करतो. तुम्ही फक्त साक्षीदार म्हणून सही करा. तुम्ही असाल तर त्याच्या घरचेही येतील." मी म्हणालो, "लोक काय म्हणतील?" "शाळेत काय शिकवत होता मग तुम्ही?" एवढंच म्हणाली आणि बारामतीला निघून गेली. माझ्याशिवाय त्यांनी केलं असतं तरी चाललं असतं. पण ती दोघंही असली गुणी, आईबापांना दुखवून काही करायचं त्यांना जमलं नाही. असल्या गुणांना काय चुलीत घालायचंय!

वर्षानं डाळजची मंडळी पुन्हा आमच्या दारी आली. मुलाची आई माझ्या बायकोशेजारी बसली, पिशवीतून साडी काढली. मुलाचं दुसरीकडं जमलं होतं. म्हणाली, "आमच्या ल्येकाला बहीण न्हाय. आता तुमची पोर घरचीच. करवली तिलाच व्हावं लागंल." बाईच्या मनात पाप नव्हतं. भावकीचा मान द्यायला आली होती ती. बायको उठून आत गेली आणि मोरीचा नळ सोडून उभी राहिली.

मी पोरीला फोनवर म्हणालो, "तू येऊ नकोस. मी काहीतरी कारण सांगतो." ती म्हणाली, "नाही आले तर लोक का म्हणून विचारतील. मग त्याच्या बायकोच्या कानावर जाईल. तिचं काय चुकलंय?"

ती आली. मंगलाष्टका चालू होत्या. मुंडावळ्या बांधून तो पाटावर उभा, आणि त्याच्या पाठीमागं हातात कऱ्हा-दिवा धरून माझी पोर. दिवा विझू नये म्हणून तिनं दुसऱ्या हाताचा आडोसा केला होता. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. लोणीचे तात्या माझ्या शेजारी बसले होते. माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "मास्तर, तुज्यामुळं सगळी एका मांडवात आली बग. कशी शोभती आपली लेक!"

"व्हय, तात्या," मी म्हणालो.