काउंटरवरचा रेडिओ

नवीन जालन्यात शेतीच्या औषधांच्या एका दुकानात एक काका काउंटरवर असतात. रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागला की गिऱ्हाइकासमोर तळहात धरून त्याला गप्प करतात. कपाशीवर काय फवारायचं ते ऐकून झाल्यावरच बाटलीला हात लावतात. मालक ओरडला तरी आवाज कमी करत नाहीत.

परवा एका गिऱ्हाइकानं मोबाईल त्यांच्या तोंडापुढे धरला. "काका, ह्या व्हिडिओतली बाटली द्या जल्दी. आमी समदं इथंच पाहून राह्यलो. तुमचा रेडिओ आमच्या टॅक्सातून कायला पोसायचा?"

"त्यो मोबाईलवाला औषध विकून राह्यला," ते म्हणाले. "रेडिओवरचा साहेब काही विकत न्हाई. थांबा जरा."

गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं.

सार्वजनिक रेडिओ जाहिरातदारांच्या मेहेरबानीवर नाही, करातूनच चालला पाहिजे, अशी पत्रकं मी गावभर वाटतो. पण आमच्या मागणीच्या कागदावर सगळ्या सह्या कार्यकर्त्यांच्याच होत्या. रोज ऐकणारा एकही नव्हता. ते गिऱ्हाईक गेल्यावर तो कागद मी काकांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि पेन उघडलं.

"बराबर लिव्हलं, दादा. तुमी कोन्त्या टायमाला ऐकता?"

मी जाहिरातदारांबद्दल बोलू लागलो.

कार्यक्रम अजून चालू होता. तरी त्यांनी हात लांबवून रेडिओ बंद केला, माझं उत्तर नीट ऐकू यावं म्हणून.

मी रेडिओ कधीच ऐकत नाही.