अंदाज बांधणारी सून

माझी सून मोबाइलच्या चिपमधला प्रोसेसर बनवते, असं मी कित्येक वर्षं शेजारीपाजारी ऐटीत सांगत होते. कुणी पुढे काही विचारलं की मला गॅसवरच्या दुधाची आठवण व्हायची. नन्सच्या शाळेत प्रश्न संपायच्या आत हात वर करणारी मुलगी मीच. ती खोड वयाबरोबर वाढली. आमच्या ह्यांनी उभ्या संसारात क्वचितच एखादं वाक्य पुरं केलं असेल. उरलेली मी पुरी केली, बहुतेक चुकीची.

सून कमी बोलणारी. उंच, किंचित वाकून चालणारी, केसांत खोचलेली पेन्सिल घरभर शोधणारी. ऑफिसात तिला ज्योतिषीणबाई म्हणतात. का, ते तिने मला एकदा भाजी निवडताना सांगितलं.

"आई, प्रोसेसरला थांबायला वेळ नसतो. पुढे दोन रस्ते फुटले, की कुठला खरा ते कळायच्या आधीच तो अंदाजाने एक धरतो आणि कामाला लागतो. बरोबर आलं तर वेळ वाचला. चुकलं तर केलेलं सगळं टाकून मागे यायचं. तो अंदाज बांधणारा भाग माझा."

"म्हणजे माझ्यासारखाच की!"

ती हसली. नाही म्हणाली नाही.

त्या वर्षी नव्या चिपचं काम चालू होतं. तिचा भाग फार हुशार झाला होता आणि फार तापत होता. चुकीच्या रस्त्यावरही जीव तोडून धावायचा. धाव फुकट, बॅटरी मात्र खरी जायची. फोन तापला की सगळंच रेंगाळतं. साहेबांनी बजावलं, सोमवारच्या बैठकीपर्यंत ताप उतरला नाही तर हा भाग काढून जुन्या चिपमधला साधा बसवू. लग्नानंतरची तिची सगळी मेहनत त्यात होती.

रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. माझा मुलगा शेजारी कपड्यांना इस्त्री करत होता.

"आई, मला जरा..."

"चहा ना? ठेवते." आणि ठेवलाही.

"चहा नको, मला ती..."

"खिडकी? लावते."

"राहू दे उघडी. मला त्या..."

"डोकं दुखतंय! गोळी आणते."

गोळी घेऊन आले तोवर चहा उतू गेला होता आणि खिडकीतली कुंडी माझ्याच पदराने खाली आली होती.

"आई," मुलगा म्हणाला, "अख्खं घर धावून आलीस. तिला चार्जर हवाय. तुझ्या पायाशी आहे."

"मग तसं सांगायचं!"

"तू सांगू देशील तेव्हा ना!"

सून हसत नव्हती, माझ्याकडे टक लावून बघत होती. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"आई, चहाच्या वेळी तुम्हाला खात्री होती?"

"सकाळची वेळ. होती."

"आणि गोळीच्या वेळी?"

"छे! अंधारात दगड."

"तरी धावलात तेवढ्याच जोराने."

"मग काय रांगत जाऊ?"

"हो," ती म्हणाली आणि लॅपटॉपकडे वळली.

मागाहून तिने समजावलं. आपला अंदाज कितपत पक्का, हे तिच्या भागाला कळत होतं. पण कळूनही तो सारखाच धावायचा. तिच्या ऑफिसातली सगळी मंडळी वेगाची वेडी. डळमळीत अंदाजावर पावलं आखडती घ्यावीत, हे सुचणंच त्यांना कमीपणाचं वाटत आलं होतं. दिवसभर ती तेवढंच बदलून कंप्युटरवर पुन्हा पुन्हा चालवून बघत होती. मी शेजारणीला फोन लावला: "नव्या चिपमध्ये माझाही हात आहे."

"हात नाही, तोंड," मुलगा इस्त्रीमागून म्हणाला.

सोमवारी संध्याकाळी सून दारातूनच म्हणाली, "राहिला, आई. वेग जरासा गेला, पण ताप उतरला. माझाच भाग राहिला." मग चपला न काढता खुर्चीत बसली आणि रडायला लागली.

"अगं, आता कशाला?" मुलगा गांगरला.

त्याचं उत्तर मला अगदी ठाऊक होतं. म्हणजे, बहुतेक. मी पाण्याचा ग्लास पुढे ठेवला आणि ती स्वतः सांगेपर्यंत जीभ दाताखाली धरून बसले.